भाजावळ

फाल्गुनात आम्ही जमीन भाजायचो.
खाली शेण, वर ऐनाची कवळं, मग पातेरा,
त्यावर मातीचा पातळ हात,
आणि वाऱ्याच्या उलट अंगानं आग.
भाजलेल्या तरव्यात तण येत नाही, आई म्हणायची.

आता मी पगारावर माती भाजते.
रात्रपाळी, दहा ते सहा.
बंद पडलेल्या कॉस्टिकच्या कारखान्यामागे
फिरतं नळकांडं, तासाला दोन टन,
काचेपलीकडे हिरवे आकडे.
तीनशे सत्तावन्नला पारा उकळतो.
आम्ही सहाशेपर्यंत नेतो,
माती सहजासहजी काही सोडत नाही.

ही माती माझ्या ओळखीची.
बाबा सेलरूममध्ये होते, एकोणीस वर्षं.
तिथल्या फरशीला भेगा होत्या
आणि भेगांना तहान.
दर महिन्याला हिशेबात काही किलो कमी यायचे.
साहेब वहीत लिहायचे : घट.
ती घट आता पट्ट्यावरून
माझ्याकडे येते.

एकदा बाबांनी होमिओपॅथीच्या बाटलीत आणला होता, बोटभर.
मी ताटात ओतला.
एकाचे सात झाले, साताचे पुन्हा एक.
आईनं गोळा करायला हात घातला
आणि तिची अंगठी पांढरी पडली.
कारेकर शेटनी मुशीत धरून, फुंकणीनं फुंकून
पंधरा मिनिटांत सोनं पिवळं करून दिलं.
पारा गेला, म्हणाले.
कुठे गेला, ते कोणी विचारलं नाही.
दुकानाला एकच खिडकी होती,
तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

मी रात्रभर तेवढंच विचारते.
कुठे गेला.
वाफ गार नळ्यांतून उतरते
आजोबांच्या माडीच्या भट्टीसारखी,
शेवटी तशीच टिपटिप,
फक्त इथे चाखून बघायचं नाही.
निसटलं ते गंधक मुरवलेला कोळसा धरतो.
चिमणीवरचा आकडा हलला
की भोंगा, की सगळं बंद.
अडीच लिटरची लोखंडी बाटली भरली
की चौतीस किलो होते.
नवा पोरगा, विलणकरांचा, एका हातानं उचलायला गेला
आणि तिथेच बसला.
हसलो आम्ही. मग त्यानं विचारलं,
एवढं सगळं मातीत होतं?

बाबांच्या हातून बशीतला चहा सांडायचा.
जाळ्याचा डोळा न बघता विणणारे हात ते.
डॉक्टर म्हणाले, वय.
वय बेचाळीस होतं.
पाळी सुटली की मी मोजे काढते,
भरलेला पेला हाताच्या तळव्यावर धरते.
पाणी हललं नाही तर घरी.

नळकांड्यातून निघालेली माती विटकरी, हलकी.
गांडूळ नाही, मूळ नाही, वाससुद्धा नाही.
प्रयोगशाळेचा शिक्का : स्वच्छ.
विचारून डबाभर घरी आणली, नाचणी पेरली.
आली नाही.
मग शेणखत, कुजवलेला केळीचा खुंट, सुकटीचा चुरा.
दुसऱ्या वर्षी चार रोपं उभी राहिली, पिवळट.
आई कितीतरी वेळ बघत होती.
भाजावळ जास्त झाली गो, म्हणाली,
आणि ताकाचं भांडं विसळलेलं पाणी
डब्यात ओतून गेली.

सहाला फाटकाबाहेर इब्राहिम सोलकर असतो,
जाळं उपसून आलेला.
ओहोटी. चिखल उघडा पडलेला,
बगळे, आणि मुळे काढणाऱ्या बायका
गुडघाभर आत.
माती झाली म्हणतात, तो म्हणतो,
मग खाडी कधी भाजणार?
ते टेंडर वेगळं आहे, मी सांगते.
तो मान हलवतो,
नेहमीसारख्या दोन तांबोश्या पुढे करतो.

आज मला पिशवी उघडायला
जरा वेळ लागतो.